थांबा बाईंचा बाक

आमच्या डॉक्टरीणबाईंना सगळी वस्ती ‘थांबा बाई’ म्हणायची. हे नाव मी ठेवलेलं नाही. आधीच सांगितलेलं बरं, कारण आमच्या रस्त्यावरची निम्मी टोपणनावं माझ्या नावावर खपवली जातात. हे नाव ठेवलं एका सातव्या महिन्यातल्या बाईनं. दीड तास बाकावर बसून ती कावली आणि म्हणाली, या डॉक्टर आहेत की सिग्नल, नुसतं थांबा, थांबा, थांबा.

मी तिथे बाहेरच्या टेबलावर एकोणीस वर्षं काढली. नाव लिहून घ्यायचं, नंबर द्यायचा, पाणी प्यायलात का ते विचारायचं आणि बाई आतून सांगतील तो रिपोर्ट टाइप करायचा, हे माझं काम. बाई मला ‘दवंडी’ म्हणायच्या. माझ्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत चौथ्या गल्लीत पोहोचते, असा त्यांचा आरोप होता. साफ खोटा. मी दुसऱ्या गल्लीपर्यंतच नेते, पुढचं लोक बघतात.

आमचं सोनोग्राफी सेंटर चपलांच्या दुकानाला लागून होतं. बाहेर चौदा खुर्च्या, वजनाचा काटा, पिण्याच्या पाण्याचा फिल्टर. आत एक अंधारी खोली, जाड निळा पडदा, मशीन, तपासणीचं टेबल आणि कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन. त्या बेसिनचा नळ गळायचा. टप, टप, टप. आता विचार करा, सोनोग्राफीला येणाऱ्या बाईला आम्ही लिटरभर पाणी पाजून बसवणार आणि कानाशी हा नळ चालू. किती जणींनी मला मनातल्या मनात शिव्या घातल्या असतील. तीन प्लंबर येऊन गेले, नळ काही ऐकेना. बाई म्हणायच्या, थांब, कुणीतरी चांगला मिळेल.

थांबणं त्यांच्या हाडातच होतं. रस्ता मोकळा असला तरी दोन्हीकडे दोनदा बघितल्याशिवाय ओलांडायच्या नाहीत. चहा समोर ठेवला की त्याच्यावर साय धरेपर्यंत बघत बसायच्या. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. लग्नाला हो म्हणायला बाईंनी त्यांना तीन वर्षं थांबवलं होतं. ते बिचारे सांगायचे, त्या तीन वर्षांत माझ्या दुकानातलं एक घड्याळ मागे पडलं नाही, मीच तेवढा पडलो.

पण बाई नुसत्याच मंद होत्या असं कुणी समजू नका. पोटावर लावायच्या जेलची बाटली त्या कोमट पाण्याच्या भांड्यात उभी करून ठेवायच्या, म्हणजे गार लागून पोरी दचकू नयेत. ते पाणी दर तासाला बदलायचं काम माझं, आणि विसरले तर माझी खैर नसे. दिवसाला पंचवीस-तीस पोटं बघून त्यांचा उजवा खांदा कायमचा दुखरा झाला होता. डाव्या हातानं खांदा दाबत, डोळे पडद्यावर लावून त्या बसलेल्या असायच्या. पाय सुजलेत का, नीट जेवतेस का, घरी कोण आहे, असं हळू आवाजात विचारत राहायच्या. आतून बाहेर येणारी बाई आत जाताना होती त्याहून जरा सरळ चालायची. हे मी रोज बघितलंय.

आता त्या बाकाचं सांगते. पोटातलं बाळ पाणी पितं आणि लघवी करतं, हे किती जणांना माहीत असतं? मलाही नोकरीला लागेपर्यंत माहीत नव्हतं. शिसारी आली होती मला. बाळाभोवतीचं पाणी म्हणजे बरंचसं तेच. बाळाची लघवीची पिशवी भरते, रिकामी होते, पुन्हा भरते. अर्ध्या-पाऊण तासाचा एक फेरा. बाईंना मशीनवर ही पिशवी भरलेली दिसली आणि बाळाची मूत्रपिंडं जरा फुगीर वाटली, की त्या रिपोर्ट लिहायच्या नाहीत. म्हणायच्या, “थांबा. बाळाला जाऊन येऊ दे.” आईला हसू यायचं. मग तिला आधी स्वतःला जाऊन यायला सांगायचं आणि नंतर समोरच्या हिरव्या बाकावर बसवायचं. अर्ध्या तासानं परत आत. पिशवी रिकामी झालेली दिसली की बाई खूश, जणू घरातलं शेंडेफळ पहिल्यांदा एकटं बाथरूमला जाऊन आलं. नाही दिसली तर परत बाकावर. दुसऱ्या सेंटरवाले तेवढ्या वेळात चार जणींना मोकळं करायचे.

लाकडाचा अरुंद बाक होता तो. एक पाय आखूड, त्याखाली मी खोक्याच्या पुठ्ठ्याची घडी सरकवलेली. त्या बाकानं माझं आयुष्य खाल्लं. कारण बाकावर एक बसली की मागच्या सगळ्यांचे नंबर ढकलले जायचे आणि ओरडा मला खावा लागायचा. आत बाई शांत, बाहेर माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या जातायत.

आणखी एक गोष्ट आमच्याकडे पक्की होती. बाळ मुलगा आहे की मुलगी, हे सांगायचं नाही. कायदाच तसा होता, भिंतीवर पाटी होती. पण बाईंना पाटीची गरज नव्हती. लोक काय काय करून विचारायचे. कपडे कोणत्या रंगाचे घेऊ, असं एकीनं विचारलं. बाई म्हणाल्या, “ज्याचा रंग जात नाही ते घ्या.” एकोणीस वर्षांत त्यांच्या तोंडून, भुवईतून, खोकल्यातूनही कुणाला काही कळलं नाही. मलासुद्धा नाही, एक वेळ सोडली तर. आणि मी काही कमी प्रयत्न केले नाहीत.

तर आता माझी चूक सांगते. ती न सांगता बाईंबद्दल सांगता येणार नाही.

सहा-सात वर्षं बाकाकडे बघून माझ्या एक लक्षात आलं होतं. बाकावर बसणाऱ्यांपैकी बहुतेकींना काहीही नसायचं. तेवढंही ठीक होतं. पण काहींना तर बाई अगदी उगाचच बसवतात, अशी माझी खात्री पटत गेली. रिपोर्ट मीच टाइप करायची ना. मूत्रपिंडं छान, पिशवी छान, पाणी छान, आणि तरी आईला बाकावर वीस मिनिटं बसवलेलं. रोज एखादी तरी अशी. मी मनात ठरवून टाकलं, ही बाईंची सवय आहे. काही लोक कुलूप लावून चार वेळा ओढून बघतात, त्यातलाच प्रकार. आणि एकदा असं ठरवलं की बाकावर बसलेली प्रत्येक बाई मला फुकट बसलेली दिसायला लागली.

त्या दिवशी गर्दी होती. चौदा खुर्च्या भरून लोक दारात उभे. इस्त्रीवाल्याच्या दुकानावर राहणारी एक बाई आठव्या महिन्याची तपासणी करायला आली होती. आधीची पाच वर्षांची मुलगी घरी सासूजवळ ठेवून एकटीच आलेली, गरीब गाय. बाईंनी तिला तपासलं, बाकावर बसवलं, पाऊण तासानं पुन्हा तपासलं आणि पुन्हा बसवलं. एका म्हाताऱ्यानं माझ्या टेबलावर हात आपटून विचारलं की नंबर लावायचा आहे की जन्मठेप भोगायची आहे. मी आधीच तापलेली. तेवढ्यात ही बाकावरून उठून माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, “ताई, उद्या पहाटेच्या गाडीनं आईकडे निघायचंय बाळंतपणाला. बांधाबांध राहिलीय. जाऊ का मी?”

मी म्हटलं, “जा गं. काही नसतं त्यात, बाईंची सवयच आहे. रिपोर्ट उद्या नवऱ्याला न्यायला सांग.”

ती गेली. मी पुढचा नंबर आत सोडला. त्याच्यानंतरचाही सोडला. मग निळा पडदा सरकला, बाई दारात आल्या आणि बाकाकडे बघून म्हणाल्या, “ही कुठे गेली?”

मी सांगितलं. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं आणि फोन करायला सांगितलं. फॉर्मवरचा नंबर लावला तर तो कुठल्यातरी खताच्या दुकानात लागला. दोनदा लावला, दोनदा खत. बाईंनी अंगातला पांढरा कोट काढून खुंटीला अडकवला, बाहेर येऊन बसलेल्या अकरा जणींची माफी मागितली आणि सांगितलं की आज आता होणार नाही, उद्या सकाळी सगळ्यात आधी तुमचेच नंबर. त्यांनी कुणाला थांबू नका म्हणून सांगितलेला तो एकच दिवस. म्हाताऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण मला बघायचं सुचलं नाही.

मी त्यांच्यामागून निघाले. चार वाजले होते, ऊन होतं, आणि रस्ता ओलांडताना दोनदा बघणाऱ्या बाई त्या दिवशी एकदाही न बघता ओलांडत होत्या. माझी जीभ स्वस्थ बसेना. मी म्हटलं, बाई, माझं चुकलं, पण तुम्हीही रोज कुणालाही बसवता ना, काही नसलेल्यांनाही बसवता, मग माणसाला कसं कळायचं.

बाई भर रस्त्यात थांबल्या. त्यांना मी तसं चिडलेलं आधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही.

“लघवीच्या वाटेत एक पातळ पडदा असतो काही बाळांना,” त्या म्हणाल्या. “त्यानं वाट अडते. हा पडदा फक्त मुलग्यांनाच असतो. मी फक्त मुलग्यांच्या आयांना बाकावर बसवलं असतं, तर महिन्याभरात तुला कळलं असतं की बाक म्हणजे मुलगा. आणि तुला कळलं म्हणजे गावाला कळलं. म्हणून मी मुलींच्या आयांनाही बसवते. रोज. काही नसताना बसवते. कळलं?”

  माझ्या तोंडाला झाकण नाही म्हणून बाईंनी इतकी वर्षं रोज आपला वेळ घालवला होता, आणि त्याच वेळेवरून मी हिशेब मांडला की बाक म्हणजे नुसतं सोंग. शरमेनं माझे कान तापले. मग दोन पावलं चालल्यावर आणखी एक गोष्ट डोक्यात उजेड पाडून गेली, म्हणजे हिच्या पोटात मुलगा आहे, आणि मी बाईंकडे बघितलं. त्यांनाही त्याच क्षणी उमगलं होतं. रागाच्या भरात इतक्या वर्षांचं मौन त्यांनी माझ्यापुढे मोडलं होतं. आणि तेही कुणापुढे, तर दवंडीपुढे.

“हो,” बाई म्हणाल्या. “आता तोंड शिवून घे.”

वाटेत त्यांनी बाकीचं सांगितलं. बाळाची पिशवी दोन्ही वेळा तशीच टम्म होती, भिंत जाड झालेली, आणि खाली वाटही फुगलेली. दोन्ही मिळून कुलपाच्या भोकासारखा आकार दिसत होता. मूत्रपिंडांवर दाब येत होता आणि भोवतालचं पाणी कमी व्हायला लागलं होतं. तिसऱ्यांदा बघून बाई खात्री करणार होत्या आणि लगेच मोठ्या हॉस्पिटलात लहान मुलांच्या सर्जनशी बोलणार होत्या. तिच्या आईचं गाव गाडीनं सहा तासांवर. तिथे बाळंतपण झालं तर बाळ दिसायला गोंडस जन्मेल, लंगोट थोडे थोडे ओलेही करेल आणि सगळे म्हणतील छान आहे. महिन्या-दोन महिन्यांत ताप येईल, आणि तोवर मूत्रपिंडं गेलेली असतील. बाई हे अगदी सपाट आवाजात सांगत होत्या. 

इस्त्रीवाल्याच्या दुकानाशेजारून अरुंद जिना वर जात होता. वर दोन खोल्या. दारातच दोन बॅगा आणि एक गाठोडं बांधून तयार. ती आम्हाला बघून घाबरून उठली, तिची पोर तिच्या पदराआड गेली आणि सासूबाई पुढे आल्या. ठसठशीत बाई, नाकावर माशी बसू देणार नाहीत अशा. बाईंनी खाली बसून सगळं समजावून सांगितलं. बाळाची लघवी अडते आहे, गावी जाऊ नका, दर आठवड्याला तपासायला लागेल, बाळंतपण मोठ्या हॉस्पिटलातच व्हायला हवं, जन्मल्यावर लगेच नळी घालावी लागेल, पुढे दुर्बिणीनं छोटं ऑपरेशन.

सासूबाईंना पहिल्यांदा हेच पटेना की पोटातलं बाळ लघवी करतं. त्यांनी चार पोरं जन्माला घातली होती आणि एकानंही पोटात असले चाळे केले नव्हते. मग त्या म्हणाल्या, डॉक्टर लोक घाबरवतातच. मग म्हणाल्या, मुलाचा रोजचा कामधंदा आहे, हॉस्पिटलच्या खेपा कोण घालणार. आणि मग, पदरानं हात पुसत, त्यांनी मुद्द्याचं विचारलं.

“मुलगा आहे की मुलगी, तेवढं सांगा. म्हणजे आम्हाला ठरवायला बरं.”

सून खाली मान घालून उभी होती. तिनं काही ऐकलंच नाही असा तिचा चेहरा होता, आणि तिच्या पदराआड पाच वर्षांची पोर सगळं ऐकत होती. बाई म्हणाल्या, ते मी सांगत नाही. सासूबाई म्हणाल्या, मग आम्हीही उद्याची गाडी सोडत नाही.

मी बाईंना कोपरानं ढोसून बाहेर जिन्यावर आणलं. कानात म्हटलं, सांगून टाका ना, एका शब्दाचं काम आहे. आत्ता बॅगा सुटतील, डोक्यावर घेऊन पळतील हॉस्पिटलात. बाळाचा जीव मोठा की पाटी मोठी?

बाईंनी खांदा दाबत माझ्याकडे बघितलं. “आज मुलगा म्हणून आले, तर उद्या मुलगी म्हणून येणार नाहीत,” त्या म्हणाल्या. “हिचीच पुढची असेल, नाहीतर शेजारणीची. मग तिला मी काय सांगू?”

“आणि आज आलेच नाहीत तर?”

“माहीत नाही,” बाई म्हणाल्या. “मी थांबते.”

आणि त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या. खरंच बसल्या. साठीला आलेली बाई, दुखरा खांदा, खाली इस्त्रीची वाफ वर येतेय, आणि ही बसली आहे भिंतीला पाठ टेकून. मी खालच्या पायरीवर. सासूबाईंनी दोनदा बाहेर डोकावून बघितलं, गेलो नाही म्हणून तिसऱ्यांदा दार लावून घेतलं. थोड्या वेळानं ती पाच वर्षांची पोर दार किलकिलं करून आली आणि बाईंना पाण्याचा पेला देऊन गेली. बाईंनी तिला विचारलं, तुझं बाळ येणार आहे ना, तुला काय हवं? ती म्हणाली, खेळणारं हवं.

पाच वाजले, सहा वाजले. एकदा बाईंना जरा उठून पाय मोकळे करायला मी खाली पाठवलं, तेवढ्यात सासूबाईंनी मला खुणेनं आत बोलावलं. आवाज मऊ करून म्हणाल्या, “तुम्ही तिथेच असता. तुम्हाला माहीत असणारच. तुम्ही तरी सांगा.”

देवाशपथ सांगते, शब्द दातांपर्यंत आला होता. माझ्याच चुकीनं त्यांची सून बाकावरून उठली होती, आणि ती चूक निस्तरायला मला एक अक्षर पुरेसं होतं. आयुष्यभर जे केलं तेच करायचं होतं. मी सुनेकडे बघितलं. ती स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून, एक हात पोटावर आणि दुसरा थोरलीच्या डोक्यावर ठेवून उभी होती. मी सासूबाईंना म्हटलं, मला काही माहीत नाही. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात अवघड खोटं. 

सात वाजता नवरा आला. जिन्यात दोन अनोळखी बायका बसलेल्या बघून तो बिचकला. उंच, हडकुळा, खांद्यावर कॅनव्हासची पिशवी, आणि पिशवीतून पान्ह्याचं तोंड बाहेर आलेलं. मी बाईंकडे बघितलं, बाईंनी पान्ह्याकडे बघितलं. तो प्लंबर होता.

बाईंनी त्याला तिथेच पायरीवर बसवलं आणि पर्समधल्या कागदावर काढून दाखवलं. वर दोन मूत्रपिंडं, त्यांतून येणाऱ्या दोन नळ्या, खाली पिशवी, पिशवीखाली वाट, आणि वाटेत पडदा. तो एक मिनिटभर कागद बघत राहिला. मग त्यानं मळकं बोट पडद्यावर ठेवलं आणि हळूहळू वर नेलं. “म्हणजे खाली तुंबलंय,” तो म्हणाला, “आणि दाब उलटा वर चढतोय.” बाई हो म्हणाल्या. “मग वरचं फुटणार.” बाई म्हणाल्या, फुटणार नाही, पण कायमचं खराब होईल. त्यानं विचारलं, खालचं मोकळं करता येतं का?

“येतं. बाहेर आल्यावर,” बाई म्हणाल्या. “पण ज्यांना ते येतं ती माणसं इथे आहेत. तुमच्या सासुरवाडीला नाहीत.”

तो उठला, आत गेला आणि दारातल्या बॅगा उचलून पलंगाखाली सरकवल्या. सासूबाई म्हणाल्या, अरे पण निदान विचार तरी, मुलगा आहे की मुलगी. तो म्हणाला, “आई, तुंबलेलं आधी काढायचं असतं. घर कुणाचं ते नंतर.” मग त्याची बायको त्या संध्याकाळी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, “बाई, मला परत बाकावर बसवा.”

पुढचा दीड महिना सोपा नव्हता. दर आठवड्याला ती यायची, बाई पाणी मोजायच्या, मोठ्या हॉस्पिटलला कळवायच्या. एकदा पाणी फारच कमी झालं तेव्हा बाईंनी जेवणाचा डबा उघडलाच नाही. आणि मी? दीड महिना मी ती एक गोष्ट तोंडात धरून फिरले. नवऱ्याला सांगितली नाही, बहिणीला नाही, भाजीवालीला नाही. माझं वजन दोन किलो कमी झालं, खोटं वाटत असेल तर काट्याला विचारा.

बाळ दोन आठवडे आधी जन्मलं. मुलगा. तासाभरात त्याला बारीक नळी घातली आणि आठवड्यानं दुर्बिणीतून तो पडदा कापला. एक मूत्रपिंड थोडं अधू राहिलं, दुसरं उत्तम. महिन्यानं बाप बिस्किटांचे पुडे घेऊन सेंटरवर आला. बाईंच्या पाया पडायला वाकला, त्यांनी पडू दिलं नाही. मग तो पान्हे घेऊन अंधाऱ्या खोलीत शिरला आणि अर्ध्या तासात तो नळ बंद करून बाहेर आला. खोलीत इतकं शांत झालं की पहिले दोन दिवस मला चुकल्यासारखं व्हायचं.

जाताना त्यानं दारात वळून विचारलं, “तुम्हाला तेव्हाच माहीत होतं ना बाई, मुलगा आहे ते?” बाई जेलची बाटली कोमट पाण्यात ठेवत होत्या. म्हणाल्या, “मला त्याची लघवी अडलेली माहीत होती.”

बाकाचं काम मात्र तसंच चालू राहिलं. फरक एवढाच, की आता बाई कुणाला बसवायच्या तेव्हा मी नंबरवाल्यांचा ओरडा खुशाल खायची. कोण खरं बसलंय आणि कोण उगाच, हे ओळखायचा खेळ मी सोडून दिला. कळलं असतं तर मला पुन्हा तोंड शिवावं लागलं असतं.

बाईंनी सेंटर सोडलं, त्याच्या वर्षभर आधीची गोष्ट. इस्त्रीवाल्याच्या वरची ती पुन्हा आली, सातव्या महिन्यात. सोबत साडेतीन वर्षांचा तो पोरगा, आल्याआल्या दोनदा बाथरूमला जाऊन आलेला आणि तिसऱ्यांदा जायचं म्हणणारा, आणि सासूबाई. मी मनात म्हटलं, आता या येऊन विचारणार. बाईंनी आत तपासलं. सगळं छान होतं, मूत्रपिंडं, पाणी, सगळं. बाई म्हणाल्या, काही काळजी नाही, घरी जा.

सून टेबलावरून उतरली, पण सासूबाई पडद्यापाशी उभ्याच. म्हणाल्या, बाई, हिला थोडं बाकावर बसवा ना. बाई म्हणाल्या, अहो, काही गरज नाही. सासूबाई हलेनात. शेवटी बाई हसल्या आणि म्हणाल्या, बरं, थांबा.

तर ती बाकावर बसली, आणि सासूबाई तिच्याशेजारी. माझ्या टेबलावरून मला त्या दोघी समोर दिसत होत्या. मागे नंबरवाले कुरकुरायला लागले. पंचवीस मिनिटांनी बाईंनी तिला परत आत घेतलं. सासूबाई बाहेरच, पडद्याकडे डोळे लावून. मग पडदा सरकला आणि बाई दारात आल्या. सासूबाई उठून उभ्या राहिल्या आणि अकरा माणसांदेखत, खणखणीत आवाजात त्यांनी विचारलं, “केली का हो बाळानं लघवी?”

“केली,” बाई म्हणाल्या.

सासूबाईंनी नातवाचा हात धरला, सुनेची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली आणि तिघं घरी गेली. दुसरं काही त्यांनी विचारलं नाही.